देवाची उजवी

पडली ती तिच्या उजव्या हाताकडची कळी, म्हणजे देवाच्या डाव्या अंगाची. पिटकुळीच्या एवढ्याशा लाल कळीचा आवाज तो काय होणार, पण गौरजाला तो ऐकू आल्यासारखं वाटलं. खांद्याला कॉलेजची पिशवी, एक चप्पल पायात, दुसरी अंगठ्याने चाचपडत असलेली, आणि देवळाच्या उघड्या दारातून नजर सरळ गाभाऱ्यापर्यंत गेलेली... समईच्या उजेडात ओली काळी मूर्ती, तिच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने चिकटवलेली एकेक कळी, आणि समोर, दाराकडे पाठ करून बसलेले तिचे वडील. मग एकच कळी उरली. देवाच्या उजव्या खांद्यावरची जागच्या जागी होती, डाव्या खांद्यावरची नव्हती.

अप्पा हलले नाहीत. ती दीपमाळेच्या आड झाली. का झाली, ते तिलाही कळलं नाही, स्वतःच्या बापापासून लपण्यासारखं काय होतं... आणि तिथून तिने पुन्हा वाकून पाहिलं, की खांबाला टेकून कुणी बसलंय का, कुणाची म्हैस हरवलीय, कुणाच्या मुलाचा व्हिसा अडकलाय. कुणी नव्हतं. गुरव देवाला कौल लावतो तो दुसऱ्यासाठी. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण विचारायला माणूस लागतं, आणि आज माणूस नव्हतं. एवढ्या सकाळी, कुणी न सांगता, एकट्याने लावलेला कौल घरच्याच कामाचा असणार. घरात आज काम एकच होतं, तिची परीक्षा.

वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला आणि ती धावली. विचारता आलं असतं. ‘अप्पा, काय विचारलात?’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग त्यांनी सांगितलं असतं.

मालवणच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून ठेवला. ही सवय तिला गेल्या पंधरवड्यात लागली होती. हात मोकळा राहिला की त्याचं पहिलं बोट आपोआप किंचित उचलायचं, काहीतरी दाबायला निघाल्यासारखं. अप्पांचे हात कापतात तसं तर नाही ना हे? अप्पांचंही असंच एका बोटापासून सुरू झालं होतं, आई सांगते. आधी एक बोट, मग मनगट, मग कळी लावताना पाण्याचा थेंब भलतीकडेच... आणि मग लोक हळूहळू चुलत घरातल्या बाबलीकडे वळले, अप्पांना वाईट वाटू नये म्हणून मागच्या पाणंदीने जाऊ लागले. बोट आत मुडपून तिने त्यावर डावा हात आणखी घट्ट दाबला.

“परीक्षा गो आज?” शेजारी भाजीची टोपली पायांत धरून बसलेली वाडीतली काशीबाई विचारत होती.

“होय. प्रॅक्टिकल.”

“मगे तोंड कित्याक असा केलंस? तुका काय भियाचा? गुरवाचा चेडू तू. बापाशीन कौल घेतलो आसतलो.”

गौरजा हसली. हसली म्हणजे ओठ ताणले. घेतलाय, काशीबाई, घेतलाय बापाने कौल, आणि तो मी पाहिलाय, आणि त्या कौलाच्या उलट मी या गाडीत बसलेय, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसलाय... खिडकीतून काजूच्या मोहोराचा वास येत होता. एरवी तिला तो आवडायचा. आज तिने खिडकी लावून घेतली.

नकार कशाला? तिने नीट, क्रमाने विचार करायचं ठरवलं. अप्पांनी विचारलं असेल, आज पोर पास होईल ना? नाही. किंवा विचारलं असेल, पास झाली तर देवगडच्या नोकरीला पाठवू का? नाही. कुठूनही गेलं तरी नाहीच. देवगडला आंब्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या कचेरीत संगणकावर बसायला मुलगी हवी होती. त्यांनी तिला बोलावून पाहिलं होतं, पत्र लिहून घेतलं होतं, आणि सांगितलं होतं की तुमचा तो संगणकाचा विषय सुटल्याचा कागद आणा, हंगाम सुरू व्हायच्या आत आणा, नाहीतर आम्हाला दुसरी बघावी लागेल. राहायला मावशी होती. कचेरीच्या खिडकीतून बंदर दिसत होतं. या नोकरीबद्दल घरी सगळे बोलले. आई बोलली, मावशी फोनवर बोलली, अप्पा ‘बघूया’ म्हणाले. गौरजाच तेवढी काही बोलली नाही. हवं म्हटलं की ते देवाच्या नजरेत येतं, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. हवं म्हणायचंच नाही, म्हणजे ते घेतलं तरी आपल्याकडून काही गेलं असं होत नाही...

आणि विषय तरी कसला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातला सगळ्यात सोपा म्हणून ओळखला जाणारा. एक्सेलमध्ये पगारपत्रक करायचं, एकच पत्र पन्नास जणांच्या नावांनी छापायचं, बिल बनवायचं, ई-मेलला फाईल जोडायची. पोरं या तासाला गाणी ऐकत बसायची. त्यात गौरजा गुरव नापास झाली, आणि होताना दुसरीलाही घेऊन बुडाली.

ते कसं झालं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून कुणाला पटणार? ती मराठी शाळेतली. इंग्रजी वाचता यायचं, पण वेळ लागायचा, आणि संगणकावर चौकटी भराभर यायच्या. मध्येच पडद्यावर चौकट उभी राहायची, तिच्यात एक प्रश्न असायचा आणि खाली दोन बटणं, एक या बाजूला, एक त्या बाजूला. पहिल्यांदा अशी चौकट आली तेव्हा ती घाबरली नव्हती. उलट तिला ओळखीचं वाटलं होतं. समोर तोंड करून कुणीतरी बसलंय, त्याच्या दोन अंगांना दोन कळ्या आहेत.

“देव आपल्याकडे तोंड करून बसलो आसा मां?” सहा-सात वर्षांच्या तिला उंबऱ्याबाहेर उभी करून अप्पांनी समजावलं होतं. बाईमाणसाने गाभाऱ्यात जायचं नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर. पण रोज पहाटे कळ्या खुडून, तांब्याच्या वाटीत भिजवून उंबऱ्यावर ठेवायचं काम तिचं. “मगे तेची उजवी ती आपली डावी. लोक हंयच चुकतत. तू चुकव नको.” तिने कधी चुकवलं नाही. पडद्यासमोर बसल्यावरही हात आपोआप डावीकडच्या बटणावर जायचा, देवाच्या उजवीवर, आणि काम बरोबर व्हायचं. बदल जतन करायचे? डावीकडचं. फाईल उघडायची? डावीकडचं. महिनोन् महिने हेच चाललं, मॅडमनी दोनदा शाबासकी दिली, आणि ती प्रश्न वाचत नव्हती. प्रश्न वाचायचा असतो हे तिच्या मनातच आलं नाही. कौलातसुद्धा प्रश्न गुरव विचारतो, आपण फक्त कळीकडे बघायचं असतं.

मागच्या प्रॅक्टिकलला तिच्या आणि तन्वीच्या बाकाला मिळून एकच पेन ड्राइव्ह होता. तन्वीने आपलं पगारपत्रक त्यावर आधी ठेवलं. मग गौरजाने आपलं ठेवलं. नावापुढे स्वतःचा बैठक क्रमांक घालायचा ती विसरली, त्यामुळे दोन्ही फाईलींचं नाव एकच झालं, आणि चौकट आली. या नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? असं ती विचारत होती, हे नंतर कळलं. गौरजाने देवाची उजवी दाबली. आणि तन्वीचं काम, सगळ्या सूत्रांसकट, रंगीत रकान्यांसकट, नाहीसं झालं. ते गेल्याचाही आवाज झाला नाही.

तन्वी रडली नाही, भांडली नाही. बाजारपेठेतल्या दुकानदाराची मुलगी, हजार जणांशी बोलणारी; तिने फक्त गौरजाकडे बघितलं आणि म्हणाली, “वाचलंस नाय गो तू?” तेव्हापासून दोघी बोलल्या नव्हत्या. संगणकाच्या किशोरी मॅडमनी वर खटपट केली, दोघींची फेरपरीक्षा लावून दिली, आणि गौरजाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पुढच्या वेळी वाच आणि मग दाब. इतकंच.”

इतकंच. पण आता ती वाचायला लागली होती, आणि तिथूनच खरी भीती सुरू झाली. प्रत्येक चौकट कुणाचं तरी काहीतरी पुसायला आल्यासारखी दिसायची. सरावाच्या दिवशी अशीच एक साधी चौकट आली, कागद आडवा छापायचा की उभा, आणि तिचा हात माउसवरच राहिला. तो पुढे जाईना, मागे येईना. तास संपला, शिपाई पंखे बंद करून गेला, तरी ती बसून होती... आज तसं झालं तर? चूक झाली तर चूक तरी होईल. हात उठलाच नाही तर?

मालवण आलं. काशीबाई उतरताना “बरा लिव गो” म्हणाली. प्रॅक्टिकलला काय लिहायचं असतं, पण गौरजाने मान हलवली.

कॉलेजच्या जिन्यावर माशांचा आणि फिनेलचा मिळून एक वास येत होता. संगणकाची खोली वरच्या मजल्यावर. तिच्या खिडक्यांना निळा कागद चिकटवलेला, त्यामुळे आतला उजेड नेहमी पावसाळी. तन्वी आधीच येऊन बसली होती. गौरजाला शेजारचा संगणक मिळाला. तन्वीचा बैठक क्रमांक आणि तिचा, शेवटच्या एका आकड्याचा फरक. तन्वीने तिच्याकडे पाहिलं नाही. केसांची क्लिप काढली, पुन्हा लावली. तीही घाबरलीय, गौरजाच्या लक्षात आलं, आणि आपल्यामुळे एक माणूस असं घाबरून बसलंय या विचाराने तिचे तळवे ओले झाले. देवाने नाही म्हटलंय तन्वी. मला म्हटलंय, पण तू माझ्या शेजारी बसलीयस...

“यावेळी पेन ड्राइव्ह नाही,” किशोरी मॅडम सांगत होत्या. “सगळ्यांनी मधल्या संगणकावरच्या ‘परीक्षा’ नावाच्या फोल्डरमध्ये फाईल ठेवायची आहे. नाव म्हणजे तुमचा बैठक क्रमांक. फक्त क्रमांक. मी तिथूनच उघडून तपासणार आहे. कळलं सगळ्यांना?” सगळ्यांना म्हणताना त्या गौरजाकडे बघत होत्या, रागाने नव्हे.

आणि मग काम सुरू झालं, आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. भीती गेली नाही, पण ती जरा सरकून बसली. रकाने आखले. नावं भरली. मूळ पगार, भत्ता, कपात... पहिल्या ओळीत सूत्र लिहिलं आणि त्या घराचा कोपरा धरून खाली ओढला, तशी खालची घरं एकापाठोपाठ एक भरत गेली, न सांगता, न चुकता. हे तिला नेहमी आवडायचं. एक ओळ नीट केली की बाकीच्या आपोआप नीट होतात. कुणाला विचारायला लागत नाही. खिडकीच्या निळ्या कागदाला एक फट होती, तिच्यातून उन्हाची रेघ तिच्या मनगटावर पडली होती, आणि तिला एकदम देवगडची ती कचेरी दिसली, ते टेबल, ते बंदर, तिथे बसलेली ती स्वतः, असंच सूत्र खाली ओढणारी... ती दचकली. हवं म्हणायचं नाही. तिने ते चित्र घाईघाईने पुसलं.

हवं म्हणजे काय, हेही तिला नीट आठवत नव्हतं. दहावीनंतर सायन्सला घालायचं की कॉमर्सला, तेव्हाही अप्पांनी कौल लावला होता. कळ्यांची वाटी तिनेच आणून दिली होती आणि ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली होती. सायन्सला डावी पडली. आई म्हणाली, देवाची मर्जी. आणि तिला, तिला स्पष्ट आठवतंय, बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं. पण त्याच्या आदल्या दिवशी तिला काय हवं होतं? सायन्स की कॉमर्स? ते किती आठवलं तरी आठवत नव्हतं. त्या जागी काहीच नव्हतं, जणू कुणी त्यावर दुसरी फाईल ठेवली होती. एकदा वाडीतल्या महादूने कुठल्या कंपनीच्या सिमकार्डाला डोंगरात रेंज येईल यावर कौल मागितला होता आणि सगळं देऊळ हसलं होतं, अप्पासुद्धा. त्या महादूला निदान काय हवंय ते ठाऊक होतं.

वीज गेली. पंखे मंदावले, संगणक चालूच राहिले, पण टेबलांखालच्या यूपीएसच्या पेट्या एकेक करून किंचाळायला लागल्या, आणि कुणीतरी ओरडलं, सेव्ह करा रे. गौरजाच्या हातांनी काहीतरी केलं. काय केलं ते तिने पाहिलं नाही. खोलीभर ती किंकाळी चालली होती आणि तिला वाटत होतं, आला, नकार आला, असा येणार होता होय... मग दिवे लागले. पडद्यावर सगळं होतं तसं होतं. तिने उरलेलं पत्र केलं, पन्नास नावं त्यात घातली, पहिलं पान तपासलं, शेवटचं तपासलं. झालं. आता फक्त ठेवायचं होतं. ‘परीक्षा’ नावाचं फोल्डर. बैठक क्रमांक, एकेक आकडा बोटाने मोजत. मग बटण.

आणि चौकट आली.

तिने वाचलं. या नावाची फाईल इथे आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची आहे का तुम्हाला?

मानेवरून घाम निघाला तो पाठीवर सावकाश उतरत गेला. आधीच आहे... कुणाची? माझीच असेल. मघाशी वीज गेली तेव्हा माझ्याच हाताने ठेवली असेल, अर्धी. असेल. पण मागच्या वेळी काय वेगळं होतं? तन्वी भराभर टंकते. एका आकड्याचा फरक. किंकाळी चालली असताना तिच्या बोटाने शेजारचा आकडा दाबला असेल तर या नावाखाली आत्ता तिचं सगळं काम झोपलेलं आहे, आणि मी पुन्हा, दुसऱ्यांदा... तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तन्वी मान खाली घालून काहीतरी तपासत होती. बोलायचं नव्हतं. डावीकडचं बटण होय. त्याच्या शेजारचं नाही. नाही म्हटलं तर माझं जातं का? होय म्हटलं तर तिचं जातं का? बोट माउसवर होतं आणि ते कापत होतं. आता खरंच कापत होतं, लपवण्यासारखं राहिलं नव्हतं. तिला अप्पांची पाठ दिसली, वाकलेली. ती कळी दिसली. नाही. नाही म्हटलं होतं ना, मग कशाला आलीस तू?

“शेवटची पाच मिनिटं,” मॅडम म्हणाल्या.

त्या चौकटीत तिसरंही एक बटण होतं. ते तिथे नेहमीच असायचं, तिने कधी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. रद्द. कधीकधी कौलात दोन्ही कळ्या तशाच राहतात. उजवी पडत नाही, डावी पडत नाही. तेव्हा अप्पा म्हणायचे, देव बोलत नाय, आणि लोक उठून जायचे, उद्या येतो म्हणायचे. तिने तिसरं बटण दाबलं. चौकट गेली. मग, फार विचार न करता, पळून जाणाऱ्या माणसाच्या घाईने, तिने क्रमांकापुढे एक अक्षर जास्तीचं घातलं आणि फाईल ठेवून दिली. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

“हात काढा,” मॅडम म्हणाल्या.

सह्या करून मुलं बाहेर पडली. जिन्याच्या खालच्या टोकाशी पाण्याची टाकी होती, तिथे ती उभी राहिली, नळ सोडला, हात त्याखाली धरले. पाणी कोमट होतं. आता तिला सगळं लख्ख कळत होतं, परीक्षा संपल्यावर कळतं तसं. फोल्डरमध्ये तिच्या क्रमांकाची एक फाईल आहे, ती बहुतेक तिचीच, वीज गेली तेव्हाची, अर्धी. आणि दुसरी पुरी, भलत्याच नावाची. मॅडम क्रमांक बघून पहिली उघडतील. पत्र नाही, पन्नास नावं नाहीत. गेली. नापास. देवाने सांगितल्याप्रमाणे.

“झाला?” मागून तन्वीने विचारलं.

पंधरा दिवसांनी हा पहिला शब्द. गौरजाने नळ बंद केला. “तुजी फाईल... तुज्याच नंबरान ठेवलंस मां?”

“मगे कोणाच्या ठेवतलंय?” तन्वी म्हणाली. मग तिचा चेहरा बघून थांबली. “काय केलंस गो तू?”

गौरजाने सांगितलं. चौकट, तिसरं बटण, जास्तीचं अक्षर. सांगताना तिला वाटलं, तन्वी हसेल. तन्वी हसली नाही. “मगे मॅडमांक जावन सांग,” ती म्हणाली. “खंयची बघूची ता सांग. अजून वयरच आसत त्या, कुलूप लावूक नाय. जा.” “माका दुकानात जाऊचा आसा,” असं म्हणून ती गेली. फाटकाशी तिने एकदा वळून पाहिलं.

जा. इतकं सोपं होतं. वर जायचं आणि म्हणायचं, मॅडम, ती माझी नाही, ही माझी. पण पाय उचलेनात. मॅडम म्हणतील, फक्त क्रमांक म्हणाले होते ना मी? नियम तो नियम. किंवा म्हणतील, बरं, आणि उघडतील, आणि त्यात चूक निघेल. आणि मुळात, हे सगळं झाल्यावरही मुळात तिच्यापाशी एक उत्तर होतं, सकाळीच मिळालेलं. वर जाणं म्हणजे त्या उत्तराच्या पुढे जाणं. देवाने नाही म्हटलेल्या गोष्टीला हात घालून वाडीत कुणाचं काय झालं, ते ती ऐकत मोठी झाली होती. इथेच उभी राहिले तर काही होणार नाही. काही म्हणजे काहीच नाही. सुटेन. दहावीसारखी.

पिशवीत फोन वाजला. आई असेल म्हणून तिने न बघता उचलला.

“झाली गो परीक्षा?” अप्पा होते. अप्पा स्वतःहून कधी फोन करत नसत. फोन कानाला धरला की हात कापतो आणि फोन कानशिलावर टकटक आपटतो, त्याची त्यांना लाज वाटायची. आत्ताही ती टकटक ऐकू येत होती.

“झाली.”

“कशी?”

तिने ओला हात कपड्यांना पुसला. मग तोंडातून आलं ते परीक्षेचं नव्हतंच. “अप्पा, सकाळी मी बघलंय. डावी पडली ती.”

पलीकडे नुसती टकटक.

“माज्यासाठीच लावलेलात मां? काय इचारलात?”

“तू थंय होतंस?” अप्पा म्हणाले. “मगे हाक कित्याक मारूक नाय?”  कुठेतरी कोंबडा ओरडला, त्यांच्या बाजूला. “इचारूक नाय गो मी काय. कळे लावले, आणि गाऱ्हाणा घालूक तोंड उघडलंय, तेवढ्यात पडली ती. पाणी नीट लागाक नाय. हात कापतत मां माजे... तुका ठावक आसा.”

“आणि मगे? परत लावलात नाय?”

“नाय.”

“कित्याक?”

“काय इचारूचा ताच कळाक नाय माका. तसोच बसान रवलंय. तुजी आये हाक मारी होती च्याक, तरी बसान रवलंय.”

जिन्यावर वरून किल्ल्यांचा आवाज आला, मग खुर्च्या आत सरकवल्याचा. गौरजा टाकीच्या कठड्याला टेकली. प्रश्नच नव्हता. सकाळपासून, त्या गाडीत, काशीबाईशेजारी, त्या निळ्या उजेडात, ती ज्या नकाराखाली दबून बसली होती, त्याला प्रश्नच नव्हता. पाणी कमी लागलं आणि कळी पडली, झाडावरून फूल पडतं तशी. तिने वाट पाहिली की आता बरं वाटेल. वाटलं नाही. उलट पायाखालचं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. नकार होता तेव्हा निदान पाठ टेकायला काहीतरी होतं. आता कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, कुणी होय म्हटलेलं नव्हतं, वर मॅडम कुलूप लावायच्या बेतात होत्या, आणि मधे कुणीच नव्हतं, मी होते... मी एकटीच होते. एवढी भीती तिला सबंध दिवसात वाटली नव्हती.

“गो,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज देवापुढे गाऱ्हाणं घालतानाचा नव्हता, घरातला होता, थोडा चाचरणारा. “तूच सांग माका. ती देवगडची नोकरी... तुका व्हयी काय?”

पंधरा दिवस, की किती वर्षं, तिला प्रश्न विचारणाऱ्या चौकटी दिसत होत्या. हा प्रश्न कुठल्याच चौकटीत नव्हता. त्याला डावीकडे काही नव्हतं, उजवीकडे काही नव्हतं. तिसरंही काही नव्हतं. तिने उत्तरासाठी आत पाहिलं, आणि आत तीच जुनी मोकळी जागा होती, दहावीच्या आदल्या दिवसाची. पण आज ती अगदीच रिकामी नव्हती. एक उन्हाची रेघ होती तिथे, मनगटावर पडलेली, आणि भराभर खाली भरत जाणारी घरं. तिने ते चित्र पुसलं नाही. पुसायला हात गेला होता, तो तिने थांबवला.

वर दाराची कडी वाजली. फोनमध्ये ती टकटक चालूच होती, अप्पा वाट बघत होते. बराच वेळ काही ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी विचारलं, “गो, आसस मां थंय?”

“आसंय,” ती म्हणाली.

आवाज कापत होता. तो तिचाच होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचा एक पाय केव्हा गेला होता ते तिला कळलं नव्हतं, आणि तिथे तो पाय तसाच ठेवून, फोन कानाशी घट्ट धरून, ती श्वास घेत उभी होती, खूप घाबरलेली.